आढं चढवायचा दिवस

चांद्र तिसरा महिना, चोवीस. शनिवार.

काल समुद्रमाता देवीचा वाढदिवस झाला. आमच्या लुकांगच्या गल्ल्यांत फटाक्यांचा लाल कागद अजून घोट्याएवढा साचलाय. आणि आज सकाळी नऊ वाजता देऊळ-समितीचे अध्यक्ष शी मिंग-हाओ स्वतः चार माणसं घेऊन माझ्या दुकानात आले. स्वतः आले, हे मुद्दाम लिहून ठेवतोय.

"खू गुरुजी, गल्लीतल्या देवळाचं आढं चढवायचंय. मुहूर्त तुमच्याच हातचा हवा," म्हणाले.

मी लगेच हो म्हटलं नाही. आधी चहा ओतला, दोनदा. याच देवळाच्या आधीच्या आढ्याचा मुहूर्त माझ्या आजोबांनी काढला होता, तैवानवर जपान्यांचं राज्य होतं तेव्हा. ते आढं नव्वद वर्षं टिकलं, आणि शेवटी खाल्लं ते वाळवीनं. मुहूर्ताचा त्यात दोष नाही. आता नवं आढं माझ्या तारखेनं चढणार. लुकांगमधल्या निम्म्या लोकांची लग्नं माझ्या तारखांवर झालीत. उरलेल्या निम्म्यांचं काय झालं ते मी बोलत नाही.

मुलाला संध्याकाळी फोनवर सांगितलं. तो चांगह्वाच्या कारखान्यात स्क्रू बनवतो, शनिवारीही. म्हणाला, "छान बाबा. पण पंचांग आता मोबाईलमध्ये फुकट मिळतं, माहितेय ना?"

मी फोन ठेवून दिला.


तिसरा महिना, सत्तावीस.

या वर्षी छपाईवाल्यांनी शाईत पाणी घातलंय. पंचांगातल्या 'योग्य' आणि 'टाळा' या दोन रकान्यांत काय लिहिलंय ते धड दिसत नाही. दुकानातला दिवा बदलला, तरी तेच. दिवेही हल्ली हलकेच येतात. छापखान्याला खरमरीत पत्र लिहिणार आहे.

तोवर एक चांगली सोय केली. रोज सकाळी सुनेकडून, लुआकडून, त्या दिवसाचं पान मोठ्यानं वाचून घ्यायचं. तिचा सराव व्हावा म्हणून. ती व्हिएतनामची, मेकाँगच्या मुखाकडची. अठरा वर्षांपूर्वी दलालामार्फत लग्न होऊन आली. मला ते पसंत नव्हतं. मी तारीख काढून दिली नाही, पत्रिका मागवली नाही, जेवणालाही उशिरा गेलो. आमची अक्षरं ती शाळेतल्या संध्याकाळच्या वर्गात शिकली, माझ्या नातीच्या पहिलीच्या पुस्तकांवर. अजून ओळीवर बोट ठेवून वाचते.

"योग्य: छप्पर घालणे, झाडे लावणे, सोयरीक. टाळा: विहीर खणणे, केस कापणे." मग थांबली. "बाबा, आमच्याकडे हे सशाचं वर्ष नाही. मांजराचं."

"बारा प्राण्यांत मांजर कुठून आलं?"

"आमच्या नदीकाठी ससा कुणी बघितलाय?"

मी तिला नीट समजावलं की पंचांग नदीकाठ बघून बनत नाही. ती "हो बाबा" म्हणाली. तिची हो म्हणायची तऱ्हा अशी आहे की माणसाला आपणच हरल्यासारखं वाटतं.


तिसरा महिना, एकोणतीस.

सकाळच्या नाश्त्याची गाडी लावणारी चिउबाई आली होती. कोपऱ्यावर पक्कं दुकान उघडतेय. पुढच्या महिन्यातला दिवस काढून लाल चिठ्ठीवर लिहून दिला. ती निघणार तोच लुआनं चिठ्ठी हातात घेतली, बघितली आणि म्हणाली, "मी दुसऱ्या कागदावर लिहून देते."

"का? माझं अक्षर वाईट आहे का?"

"नाही बाबा. चहाचा डाग पडलाय."

मला डाग दिसला नाही, पण तिचं लक्ष स्वच्छतेकडे असतं हे खरं.


चौथा महिना, आठ. शुक्रवार.

आज समितीपुढे तारीख सांगितली. पाचवा महिना, आठ तारीख, रविवार.

सांगताना उभा राहिलो होतो. वाघाचा दिवस, आणि मी वाघाच्याच वर्षातला. बारा प्रकारच्या दिवसांतला तो 'पूर्णतेचा' दिवस. शिवाय होड्यांच्या शर्यतीच्या सणाची चार दिवसांची सुट्टी त्याच रविवारी संपते, म्हणजे ताइपेला गेलेली सगळी पोरंबाळं गावातच असणार. शी अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली. "याला म्हणतात मुहूर्त! मोबाईल काय सांगणार हे!" टाळ्या झाल्या. लगेच फलक छापायला पाठवले. नगरसेवकांना बोलावणं गेलं.

घरी येऊन लुआला सगळं पुन्हा सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"बाबा, वाघाचा दिवस म्हणजे माकडाशी वैर ना?"

"शाब्बास. ज्याच्या वर्षाशी वैर, त्यानं त्या दिवशी कामाच्या जागी यायचं नाही. हळूहळू शिकतेयस."

"मग खिम आजोबांचं वर्ष विचारलंत?"

खिम म्हणजे आमचा सुतार. देवळाचं सगळं लाकूडकाम त्याचं, एकही खिळा न ठोकता. साठ वर्षांत आमचं एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नाही.

"विचारायचं काय? समितीच्या वहीत सगळ्यांच्या जन्मनोंदी आहेत. खिम कोंबड्याच्या वर्षातला."

"विचारलेलं बरं असतं," ती म्हणाली.

या बाईला वाटतं, पंचांग म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांशी गप्पा मारायची गोष्ट आहे.


चौथा महिना, तेरा.

चिउबाईचं दुकान आज उघडलं. सहा वाजल्यापासून रांग. अकरा वाजता तिचं पीठ संपलं. तिनं सगळ्यांदेखत मला वाकून नमस्कार केला आणि अंड्याची पोळी दिली, पैसे घेतले नाहीत.

एक गोष्ट मनात आली ती लिहितो. मला आपण बारा तारीख सांगितल्याचं आठवत होतं. पण बारावा 'धोक्याचा' दिवस आहे, तो मी कसा सांगेन? म्हातारपणी डोकं कधीकधी खोटं आठवतं. हात मात्र बरोबर लिहितो. पन्नास वर्षांची सवय आहे.


चौथा महिना, सोळा.

खिमचा निरोप आला की आढं चढवायच्या दिवशी तो येणार नाही. गुडघे दुखतात म्हणे. आढं त्याचा पुतण्या चढवेल.

गुडघे! परवाच त्याला शिडीवर उभा पाहिलाय. खरं कारण मला माहीत आहे. त्या दिवशी मान माझा असणार, फलकावर माझं नाव असणार, ते त्याला बघवत नाही. साठ वर्षं ओळखतो मी त्याला. लुआला हे सांगितलं. तिनं डब्यात भात आणि तळलेला मासा भरला आणि देवळामागच्या शेडमध्ये त्याला देऊन आली. माझ्या घरातला मासा! तासाभरानं परतली. एवढा वेळ काय बोलतात ही दोघं कोण जाणे. तिची बोली अजून अर्धी त्यांच्याकडची, आणि खिम तर बोलतच नाही.


चौथा महिना, वीस.

आजचा दिवस नीट लिहायला हवा, म्हणून आधी दोन कप चहा घेतला.

सकाळचं पान वाचून झाल्यावर लुआ उठली नाही. म्हणाली, "बाबा, रागावू नका. खिम आजोबा कोंबडा नाहीत. माकड आहेत."

मी रागावलो. नोंद खोटी का, वही खोटी का, सरकार खोटं का, असं बरंच बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही त्यांनाच विचारा ना."

तडक शेडमध्ये गेलो. आढं लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलं होतं आणि खिम त्यावर रंधा मारत होता. देवदाराचा वास सुटला होता. त्यानं मान वर केली नाही.

"खिम, तुझं वर्ष कोणतं?"

"कागदावर कोंबडा."

"आणि आईच्या हिशेबानं?"

रंधा पार टोकापर्यंत गेला, मगच थांबला. "माकड. बॉम्ब पडत होते तेव्हा. सगळे शेतात लपत होते. बापाला माझी नोंद करायला वर्षानं सवड मिळाली."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तू समितीसमोर उभं राहून तारीख सांगितलीस. फलक छापून आले. आता मी उठून काय म्हणू, खू चुकला? साठ वर्षं तुझ्याशी भांडलो, पण ते आपल्या आपल्यात." त्यानं लाकडावरची भुकटी फुंकली. "आढं चढेल रे. पुतण्या चांगला आहे. मी घरून फटाके ऐकेन."

त्यानं स्टूल पुढे सरकवलं, मी बसलो. या माणसानं आतापर्यंत अकरा देवळांची आढी स्वतःच्या हातानं चढवली. हे बारावं, आणि खऱ्या वर्षाच्या मोजणीनं तो ऐंशीचा, म्हणजे तेरावं काही होणार नाही. मी वहीत बघितलं, त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. आणि मागे चार दिवसांपूर्वी याच डायरीत मी त्याच्याबद्दल काय लिहिलंय ते खोडत नाही. राहू दे.

"वाघ आणि माकड," मी म्हणालो. "म्हणजे साठ वर्षं आपण उगाच भांडत नव्हतो."

तो हसला. त्याला हसताना मी किती वर्षांनी पाहिलं.


चौथा महिना, एकवीस.

दुसरा दिवस शोधायला पंचांग उघडलं. भिंग घेतलं, खिडकीपाशी गेलो. पान म्हणजे पावसात भिजलेल्या मुंग्या. नुसती वळवळ. माझं जुनं पंचांग काढलं, वीस वर्षांपूर्वीचं, चांगल्या शाईचं. त्यातही मुंग्याच.

छापखान्याला पत्र टाकलेलं नाही, ते बरं.

गल्ल्याच्या खणात भिंगाचा डबा शोधताना एक लाल चिठ्ठी सापडली. चिउबाईची, माझ्या अक्षरात. मोठी अक्षरं आहेत, भिंगाखाली दिसली. दहाच्या पुढे दोन आडव्या रेघा, म्हणजे बारा. तेरासाठी तीन हव्या होत्या. चिठ्ठीवर चहाचा डाग कुठेही नाही.

अशा आणखी किती चिठ्ठ्या तिनं पुन्हा लिहिल्या असतील? विचारायचं धाडस होत नाही. आजोबा असते तर मला दुकानाबाहेर काढलं असतं. तिनं मला कळूसुद्धा दिलं नाही.

दुपारी तिला हाक मारली आणि म्हणालो, "लुआ, पाचव्या महिन्याची पानं वाच. सगळी. सरावासाठी नव्हे."

तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, हात पुसले आणि बसली.


चौथा महिना, पंचवीस.

समितीची बैठक. आयुष्यात पहिल्यांदा दिलेली तारीख परत घेतली.

उभा राहून म्हणालो, "चूक माझी आहे. सुताराचं खरं वर्ष मी विचारलं नाही. आठ तारीख रद्द."

शी अध्यक्षांचा चेहरा फलकांपेक्षा लाल झाला. "रद्द? गुरुजी, फलक चौकाचौकांत लागलेत! नगरसेवक येणार आहेत! आणि पंचांगात त्या दिवशी छप्पन्न वर्षांच्या माकडाशी वैर छापलंय. मी मोबाईलवर बघितलंय. खिमदादा ऐंशीचे. त्यांचा काय संबंध?"

मी पुढे बोलणार होतो, पण तारखा सगळ्या माझ्या डोळ्यांत नव्हत्या, लुआच्या हातात होत्या. मी म्हणालो, "हे सून सांगेल." ती मागे दारापाशी उभी होती, पंचांग छातीशी धरून.

तेवढ्यात उपाध्यक्ष लिम म्हणाले, "वा! म्हणजे आता देवळाचे मुहूर्त परदेशातून येणार?" काही जण हसले.

लुआ पुढे आली. "लिमकाका, मी अठरा वर्षं याच गल्लीत भाजी घेते. तुमच्या आईला शेवटची दोन वर्षं अंघोळ मीच घालत होते. तेव्हा त्या मला कधी परदेशी म्हणाल्या नाहीत. नुसतं 'पाणी गार आहे' म्हणायच्या."

लिम चष्मा पुसायला लागले.

मग तिनं पंचांग उघडलं, ओळीवर बोट ठेवलं. "अध्यक्षकाका, छप्पन्न छापलंय ते पाहुण्यांसाठी. जो आढ्याला हात लावतो त्याच्यासाठी सगळी माकडं आली. आठवा नको. नववा नको, तो सशाचा, 'गोळा करण्याचा' दिवस, काम अडकून राहतं. दहावा घ्या. ड्रॅगनचा दिवस, 'उघडण्याचा'. सकाळी नऊ ते अकरा वेळ चांगली. ड्रॅगन आणि माकड जुने दोस्त. खिम आजोबांना याहून चांगला दिवस महिन्यात नाही."

"दहावा मंगळवार आहे!" अध्यक्ष ओरडले. "सुट्टी संपलेली. मंगळवारी कोण कुत्रं येणार?"

"तुमचं वर्ष कोंबड्याचं ना, काका?"

"हो. मग?"

"ड्रॅगन आणि कोंबडा म्हणजे तर जमलेला जोडा. सबंध वर्षात तुमच्या हातून देवळाचं काम व्हावं असा दिवस शोधला तरी हाच निघेल."

अध्यक्ष चहा प्यायले. मग आजूबाजूला बघत म्हणाले, "तरी मी म्हणतच होतो, रविवारी फार गर्दी होते."

मी माझ्या आजोबांना बैठकीत बोलताना ऐकलंय, वडिलांना ऐकलंय. स्वतःला तर रोजच ऐकतो. पण असं कुणी बोललेलं आठवत नाही. येताना रस्त्यात ती माझ्या मागे दोन पावलं चालत होती. मी थांबलो, म्हणालो, "बरोबरीनं चाल. तुला रस्ता माहीत आहे."


चौथा महिना, सत्तावीस.

यावेळी एकही चूक ठेवायची नाही. ड्रॅगनच्या दिवसाचं वैर कुत्र्याच्या वर्षाशी. सकाळपासून काठी घेऊन हिंडलो आणि प्रत्येकाला तोंडावर विचारलं, कागद मागितला नाही. समितीची तेराही माणसं, गवंडी, खिमचा पुतण्या, ढोलवाले, फटाके लावणारा, प्रसादाचा आचारी. आचाऱ्याच्या मदतनिसाचा जन्म कुत्र्याच्या वर्षातला निघाला. त्याला सुट्टी दिली. बाकी कुणी नाही. सगळ्यांना विचारलं, एकही सोडला नाही. लुआला यादी वाचून दाखवायला लावली. "पूर्ण आहे बाबा," ती म्हणाली. समाधान वाटलं.


पाचवा महिना, आठ. रविवार.

लिहायला नको वाटतं, पण आज दिवस इतका सुंदर होता की राग आला. स्वच्छ ऊन, समुद्रावरून गार वारा. सुट्टीला आलेली माणसं बर्फाचे गोळे खात देवळासमोरून फिरत होती. फलकांवर आठचे दहा केलेत, कागद चिकटवून. कुणीतरी मुद्दाम मोठ्यानं म्हणालं, "वा, आज काय छान दिवस आहे हो, खू गुरुजी!"

"दिवस छान असणं आणि योग्य असणं वेगळं," मी म्हणालो. पण आवाज जरा बारीकच आला. परवा पाऊस आहे म्हणतात.


पाचवा महिना, दहा. मंगळवार.

पाऊस होता, पण भुरभुर. कपडे भिजले नाहीत, नुसते जड झाले.

मंगळवारी कोणी येणार नाही असं सगळ्यांनाच वाटलं होतं. मासळीवाल्या बायकांनी तासभर टोपल्या झाकल्या आणि रबरी बूट घालून आल्या. कारखान्यातली पोरं अर्धी रजा टाकून आली, अंगावर गणवेश तसाच. माझा मुलगाही त्यांत होता, मला न सांगता. नगरसेवक आले नाहीत. शाळेच्या मुख्याध्यापकांनी दोन वर्ग आणून ओळीत उभे केले. चौक भरला. मी मोजत होतो, पण माणसं मला आता रंगांसारखी दिसतात. रंग पुष्कळ होते.

लुआ आली नाही. सकाळी म्हणाली, "मी घरून तांदळाच्या गोळ्यांचं गोड करून पाठवते, लाल-पांढरे दोन्ही. इतक्या माणसांचं पातेलं सोडून कसं येऊ?" मी म्हणालो, पातेलं शेजारीण बघेल. ती म्हणाली, शेजारीण साखर जास्त टाकते. मला जरा लागलं. तिनं काढलेला दिवस, आणि तिला साखरेची काळजी.

साडेनऊला ढोल सुरू झाला. आढ्याला मधोमध लाल कापड बांधलं होतं. दोर ताणले. खिम शिडीवर चढला, ऐंशीचा माणूस, कुणाचा हात न धरता. आढं हळूहळू वर गेलं आणि वर त्यानं दोन्ही हातांनी त्याला खांबाच्या खाचेत आणलं, जसं झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवतात. लाकूड बसल्याचा आवाज झाला, एकच, खोल. खिळा नाही, काही नाही. खिमनं तळहात त्यावर ठेवला आणि तसाच उभा राहिला. ढोलवालाही थांबला. मग फटाके.

शी अध्यक्ष भाषणाला उभे राहिले. तेवढ्यात खिमनं वरूनच मला हाक मारली. "खू! सून कुठेय तुझी?"

"घरी. गोड करतेय."

"गोड?" तो शिडीवरून दोन पायऱ्या खाली आला आणि हळू आवाजात म्हणाला, "वेड्या, ती कुत्र्याच्या वर्षातली आहे. मला डबा द्यायला आली होती तेव्हा सांगितलं तिनं. तुला ठाऊक नाही?"

मी ढोलवाल्यांना विचारलं होतं. आचाऱ्याच्या मदतनिसाला विचारलं होतं. अठरा वर्षं माझ्या घरात जेवण वाढणाऱ्या बाईला तिचं वर्ष मी कधी विचारलं नव्हतं. लग्नात पत्रिका मागवली नाही, तेव्हापासूनच. आणि तिनं बोट ठेवून, ओळ वाचून, तोच एक दिवस निवडला ज्या दिवशी खिम इथे उभा राहील आणि ती स्वतः येऊ शकणार नाही.

अध्यक्ष कागद वाचत होते. "...आणि हा शुभ मुहूर्त काढला आपले ज्येष्ठ, खू ताइ-बुन गुरुजी यांनी."

"नाही," मी म्हणालो. इतक्या मोठ्यानं की मासळीवाल्या वळल्या. "मुहूर्त माझ्या सुनेनं काढला. लिहून घ्या. तिचं नाव लुआ. आडनाव..."

आणि तिचं आडनाव मला आठवेना. चौकभर माणसं बघत होती आणि मला माझ्या सुनेचं आडनाव येत नव्हतं.

"फान!" वरून खिम ओरडला. "फान थी लुआ!"

"फान थी लुआ!" मी ओरडलो. शाळेच्या पोरांना वाटलं ही घोषणा आहे. त्यांनीही ओरडून म्हटलं, दोन वर्गांनी, तीनदा. माझ्या मुलानं तोंड फिरवून डोळे पुसले. मला रंगच दिसतात, पण हे दिसलं.

शेवटचं भाषण न ऐकता घरी आलो. ती पातेलं ढवळत होती.

"तुझं वर्ष कुत्र्याचं?"

"हो बाबा."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दिवस बदलला असता." ती ढवळतच राहिली. "आढं बसलं?"

"बसलं. फटाके ऐकू आले का?"

"आले. शेवटी पोरं काहीतरी ओरडत होती, ते कळलं नाही."

मी तिला सांगितलं काय ओरडत होती ते. तिनं गॅस बारीक केला आणि माझ्याकडे पाठ करून वाटी भरली. मग म्हणाली, "गोड जास्त झालंय का बघा."

जास्त झालं होतं. मी दोन वाट्या खाल्ल्या.


पाचवा महिना, अकरा.

लुआनं पान वाचलं आणि म्हणाली की तेरा तारीख 'काढून टाकण्याचा' दिवस आहे, दुखणं काढायला याहून चांगला दिवस नाही. आणि योगायोग असा की डोळ्यांच्या हॉस्पिटलात नेमकी त्याच दिवशी सकाळची एक जागा रिकामी निघाली, माझ्या नावानं कार्डसुद्धा तयार आहे. एरवी तिथे दीड महिना नंबर लागत नाही म्हणतात. चांगल्या दिवसाचा प्रताप, दुसरं काय.


पाचवा महिना, चौदा. शनिवार.

(हे लुआच्या हातचं. मी सांगतोय, ती लिहितेय.)

उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन काल झालं. पट्टी आहे. डावा दोन आठवड्यांनी. आज माकडाचा दिवस, वाघानं घरात बसायचं. तरी खिम येऊन बसून गेला. आल्या आल्या म्हणाला की आता तुला माझा चेहरा दिसेल, तयारी ठेव. हे लिहू नकोस. लिहिलंस? बरं, राहू दे.

डायरीची मागची पानं उलटू नकोस असं मी तिला बजावलंय. ती "हो बाबा" म्हणाली.

देवळात आढ्याखाली लाल पाटी लागली. सुतार चुआ खिम. मुहूर्त फान थी लुआ. अध्यक्षांनी विचारलं होतं की 'खू घराण्याची सून' असं घालू का. मी म्हणालो, जागा वाया घालवू नका.

दुकानात आजपासून तिचं टेबल पुढे आणि माझं मागे. हे कुणी सांगितलं म्हणून नाही. पुढच्या टेबलावर उजेड जास्त असतो आणि तिला वाचायचं असतं.

आत्ताच एक बाई येऊन गेली. मुलीच्या लग्नाची तारीख हवी होती. मी पट्टी बांधून दारातल्या खुर्चीवर बसलो होतो. तिनं मला ओळखलं नाही, बाहेरगावची असावी. म्हणाली, "आजोबा, मुहूर्त काढणाऱ्या बाई इथेच बसतात ना?"

(इथे लुआनं एक ओळ गाळली होती. मी सगळं पुन्हा वाचून घेतलं तेव्हा कळलं. तिला ती घालायला लावली.)

मी म्हणालो, "इथेच. बसा. मी त्यांचा सासरा."